विकणे आहे: मिडल स्ट्रीट, डील

गावाचं नावच डील.
आमच्या धंद्यात त्यावर विनोद करायची सोय उरलेली नाही,
सगळे आधीच करून झालेत.

मी जाहिरात लिहितो आहे.
तीन खोल्या, सतराशे चाळीसच्या आसपासचं बांधकाम,
समुद्र साठ पावलांवर.
भरतीला पन्नास,
पण ते लिहायचं नाही.

'व्यक्तिमत्त्व असलेलं घर'
ही आमची ठेवणीतली शब्दयोजना.
म्हणजे दाराशी वाकावं लागतं.
म्हणजे माडीवर बटाटा ठेवला
तर तो आपला आपण खिडकीकडे निघतो.
म्हणजे पलंग वर न्यायचा तर आधी खिडकीची चौकट काढा,
ती फक्त लेन पिटॉकला काढता यायची,
आणि लेन पिटॉक सेंट जॉर्जच्या आवारात
अकरा वर्षं झोपलाय.

मालकीणबाई बेरिल हॉगबेन, वय चौऱ्याऐंशी.
घर पाहावं बांधून म्हणतात,
ही पाहत होती विकून.
आणि खोटं बोलणं अंगात नाही.

लंडनहून जोडपं आलं, कडेवर मूल.
मी तळघराला म्हणालो, 'वाइन ठेवायला छान.'
ही म्हणाली, 'पाणी येतं.'
क्रॉयडनचे निवृत्त दंतवैद्य आले, भिंतीवर टकटक करून पाहिली
जणू दाढच.
ही म्हणाली, 'पोकळ आहे. चोरटी ब्रँडी ठेवत असत म्हणतात.
आम्हाला उंदीर मिळाले.'

मी हात जोडले. म्हटलं, बाई,
लोक पाहायला येतील तेव्हा तुम्ही जरा फिरून या.
मग ती समोर किनाऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसू लागली,
डोक्याला रुमाल, मांडीवर चिप्सचा पुडा,
आणि पाहून निघालेले लोक
नेमके तिलाच विचारू लागले:
'आजी, हे शेजारचं घर कसंय हो?'

ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला.
पाटीवर सीगलने आपलं मत नोंदवलं.

मग डेस्मंड एकहर्स्ट आला.
डोव्हरच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं इंजिनखोलीत.
सहा फूट दोन इंच.
दाराला डोकं आपटलं
आणि तो दाराला 'सॉरी' म्हणाला.

बेरिल त्या दिवशी घरातच होती, गुडघा धरला होता.
ओल सांगितली, छप्पर सांगितलं,
एका फळीवर पाय देऊ नका म्हणाली, बायकोला आणा म्हणाली.
तो म्हणाला, बायको नाही आता.
मग तिनं शेवटचं सांगितलं:
'रात्री लाट मागे फिरते ना, तेव्हा खडी ओढते.
कुणी भलं मोठं जातं फिरवत बसल्यासारखं,
पहाटेपर्यंत. झोप नाही लागायची.'

तो खिडकीशी गेला, बटाट्याच्या वाटेनंच.
बराच वेळ उभा राहिला.
मी मनात कमिशन वजा करून टाकलं होतं.

'निवृत्त झाल्यापासून,' तो म्हणाला,
'मला शांततेत झोपच येत नाही.'

भाव त्यानं केलाच नाही.
तो तिनं केला, स्वतःच्याच विरुद्ध,
छपराचे म्हणून सहा हजार उतरवले,
आणि मी, ज्याचं पोट दीड टक्क्यावर चालतं,
गप्प बसून सही कुठे करायची ते दाखवलं.

नोव्हेंबरात तिला वॉल्मरला सोडून आलो,
वृद्धांसाठीचे नवे फ्लॅट, लिफ्ट, गुळगुळीत जमीन.
दार सात फूट उंच.
आत शिरताना ती वाकली.
लिफ्टमध्ये शिरतानाही.

तिथली व्यवस्थापक मुलगी चांगली होती,
तिनं लगेच फॉर्म काढला
आणि एका रकान्यात नेटक्या अक्षरात लिहिलं:
पाठीचा त्रास.

मी काही बोललो नाही.
माझ्याही जाहिराती असल्याच असतात.